लूम थांबले की बाहेर या

शकिलाखालाच्या एकाच कानात बाली होती, उजव्या. डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली. डॉक्टर शिवून द्यायला तयार होता, पण खालाने शिवू दिली नाही. "राहू दे. आरशात दिसली की याद राहते," म्हणायची. तिची याद इतकी पक्की होती की शेवटी आमच्या अख्ख्या गल्लीला ती सांभाळावी लागली.

आमची बावडी गल्ली भिवंडीतल्या बाकीच्या गल्ल्यांसारखीच. खाली लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, वर माणसं. माझी पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशीच आहे. बाहेरचा पाहुणा आला की पहिल्यांदा कानांवर हात ठेवतो आणि मग आमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. मला त्या बघण्याचा राग येतो. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. आम्ही ओरडून बोलतो एवढंच. अर्धं बोलणं हातांनी चालतं. चहा आण, बॉबिन संपली, शेठ आला, प्रत्येक गोष्टीला खूण आहे. 'मला वाचवा' याला मात्र खूण नव्हती.

ती गोष्ट खालाने मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे होतो असं मला वाटायला लागलंय. भर दुपार. खालाचा नवरा हाशिमभाई खाली शेडमध्ये. एक कारीगर गावी गेला होता म्हणून तो स्वतः लूमवर उभा होता. मुलगा मुबश्शिर तेव्हा लहान, शाळेत. खाला तांदळाची भाकरी थापत होती. मागच्या बाजूने कठड्यावर चढून दोघे जण स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आले. खिडकीला तेव्हा जाळी नव्हती. एकाने तिचं तोंड दाबलं, तिने त्याचा हात चावला, तेव्हा त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्याला बाली काढता येईना. त्याने ती ओढली. कान फाटला, बाली हातात आली.

तोंड मोकळं झालं तशी खाला किंचाळली. तिच्या पायाखालच्या लादीच्या खाली तिचा नवरा उभा होता. समोरच्या घरात बाया होत्या, माझी गिरणी चालू होती. कुणी आलं नाही. थोड्या वेळाने त्या दोघांच्याही लक्षात आलं की कुणी येणार नाही, आणि त्यांची घाई संपली. बांगड्या त्यांनी साबण लावून सावकाश काढल्या. जाताना एकाने माठातलं पाणी पिऊन घेतलं. खालाला मारापेक्षा त्या पाण्याचा राग जास्त होता. "माझ्या घरात, माझ्या पेल्यातनं, बसून," ती म्हणायची.

हाशिमभाई जेवायला वर आला तेव्हा त्याला ती ओट्याखाली सापडली. बिचारा त्यानंतर जगला तेवढी वर्षं एकच वाक्य बोलत राहिला, "लूम चालू होते गं." खालाही त्याला समजवायची, की लूम चालू असताना तुला कसं ऐकू येणार. चोर काही सापडले नाहीत.

पण खाला हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. तिने वायरमन बोलावला आणि खालच्या शेडच्या मेन स्विचपासून एक वायर वर स्वयंपाकघरात आणून तिथे खटका बसवून घेतला. मग गल्लीतल्या बायका जमवल्या. "आपली किंकाळी कुणाला ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "पण लूम थांबले तर मेलेला मानूस बी उठून बसतो. तर लूम थांबवायचे." एकीने खटका पाडला की बाकीच्यांनीही आपापले पाडायचे, आणि लूम थांबले की जो असेल तिथून त्याने बाहेर यायचं.

माझी बायको म्हणाली, वीज तर रोजच जाते, रोज बाहेर पळायचं का? खालाकडे उत्तर तयार होतं. पंखा बघायचा. पंखाही थांबला तर वीज गेली, पडून राहा. पंखा फिरतोय आणि लूम थांबलेत तर कुणीतरी खटका पाडलाय. हे इतकं सोपं होतं की गल्लीतली पोरंसोरंही पंखा बघायला शिकली.

बाकीच्या खटक्यांसाठी पैसा हिरामणने दिला आणि पुढाकारही त्यानेच घेतला. हा हिरामण आमच्याकडचा आगरी, बापजाद्यांची जमीन, गल्लीतल्या निम्म्या इमारती त्याच्या. तब्येत दांडगी, बोलणं तोंडावर. खालाला तो बहीण मानायचा आणि ईदला तिच्या घरच्या ताटावर पहिला बसायचा. त्याने सांगितल्यावर सगळ्यांनी खटके बसवले.

आणि चमत्कार झाला म्हणा. मोबाइल खेचून पळणारा एक पोरगा पहिल्यांदा सापडला. लूम बंद पडले, चारी बाजूंनी दारं उघडली, आणि त्याला गल्लीचं तोंडच सापडेना. लूमचे तुटलेले लाकडी दांडे आमच्याकडे प्रत्येक दाराआड पडलेले असतात. त्याची बोटं त्या दिवशी अशी मोडली की पुन्हा त्याने मोबाइल उचलला असेल असं वाटत नाही. मग सोनसाखळीवाले दोघे. मग चॉपर घेऊन हप्ता मागायला आलेला एक दादा. त्याचा चॉपर हिसकावून त्याच्याच मांडीत खुपसला, आणि तो खुरडत नाक्यापर्यंत गेला. पोलीस यायचे, बांधलेला माणूस घेऊन जायचे, चहा प्यायचे. शेजारच्या गल्ल्यांत महिन्याला काही ना काही व्हायचं, आमच्याकडे होईना. दाराला कडी न लावता दुपारी आडवं होता येई. भाडी वाढली. लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडचे विचारायचे, बावडी गल्लीत का? मग चांगलं.

या सगळ्यात एक रीत पडून गेली. पकडलेल्याला मारायच्या आधी खाला खाली यायची. त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि नीट बघायची. ती त्या दोघांना शोधत होती. "ह्यो न्हाय," म्हणायची आणि एक सणसणीत थप्पड ठेवून द्यायची. पहिला हात खालाचा. मग बाकीचे. ती कडेला उभी राहून शेवटपर्यंत बघायची, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तिला ते बघायला आवडायचं. तिचा चेहरा उतरायचा नाही, उलट निवायचा. मुबश्शिर या माराच्या सावलीतच मोठा झाला. अंगाने बापावर गेला, हाताने आईवर. आईच्या थप्पडेनंतरचा दुसरा हात त्याचा असायचा, आणि खालाला त्याचा अभिमान होता.

एकदाच तिचा खटका फुकट गेला. समोरच्या माळ्यावर एक नवरा बायकोला पट्ट्याने बडवत होता. खालाने खटका पाडला, गल्ली गप्प झाली, माणसं दांडे घेऊन आली, बाईचं रडणं सगळ्यांनी ऐकलं. हिरामण म्हणाला, "घरातलं हाय, खाला. आपुन कशाला?" माणसं परतली, लूम पुन्हा सुरू झाले आणि रडणं बुडून गेलं. खाला दोन दिवस हिरामणशी बोलली नाही. मग बोलायला लागली. तेव्हाच तिने विचार करायला हवा होता, आणि मीही.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची तो दिवस.

आमच्या गल्लीत वीज तीन तारांतून येते, म्हणजे तीन फेज. घराला एक पुरतो. लूमला आणि माझ्या गिरणीला तिन्ही लागतात. तीनातला एक गेला तर मोटारी फिरत नाहीत, नुसत्या गुरगुरतात आणि जळायला लागतात, म्हणून कारीगर धावून त्या बंद करतात. त्या दुपारी माझी मोटार गुरगुरायला लागली. मी शिवी हासडून बटण पाडलं. एक फेज गेला होता. लूम भराभर थांबले. पण वरच्या घरांतले पंखे दुसऱ्या फेजवर होते, ते मजेत फिरत होते.

खालाने पंख्याकडे बघितलं असणार. पंखा फिरतोय, लूम बंद. तिने खटका पाडला नव्हता, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पाडला. आणि तिने मागे वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, त्याच कठड्यावर, एक माणूस उभा होता. हातात पक्कड, खांद्यावर वायरचं वेटोळं.

तिची किंकाळी मी गिरणीतून ऐकली. त्या माणसानेही खाली दांडे घेऊन धावणारी माणसं बघितली आणि कुणाचंही जे होईल तेच त्याचं झालं. तो घाबरला, कठड्यावरून उडी मारली आणि पळाला. आमच्या गल्लीत पळतो तो चोर.

त्याला माझ्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर धरला. चाळिशीचा, सुकलेला, अंगावर साधा शर्ट. मुबश्शिरने मागून कॉलर धरून त्याला आडवा केला. खाला जिना उतरून आली, पदर खोचलेला, डोळे लाल. तिने हनुवटी धरली, तोंड वळवलं, आणि या वेळी 'ह्यो न्हाय' म्हणायच्याही आधी थप्पड मारली. इतकी जोरात की त्याच्या ओठातून रक्त आलं. दुसरा हात मुबश्शिरचा. मग हिरामणचा दांडा, मग मोजायला काही राहिलं नाही.

"मी लायनीचा मानूस हाय," तो ओरडत होता. "फ्यूज काढलाय रं दादा, वायर जोडाची हाय. मी नवशा, अकलोलीचा. मना मारू नका."

ती बोली हिरामणच्या घरची होती. त्याची आजी तसंच बोलायची. त्याने ती ऐकली आणि दांडा उचलला. मीही ओरडलो, "अरे फेज गेलाय, चोर नाही तो." हिरामणने वळून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि परत वळून मारायला लागला. शेडमधल्या प्रत्येक कारीगराला फेज गेल्याचं कळलं होतं, त्यांनी स्वतःच्या हातांनी मोटारी बंद केल्या होत्या. तरी ते दांडे घेऊन आले, कारण बाकीचे आले होते. यात सगळे होते, आमचे, त्यांचे, बाहेरून पोटासाठी आलेले. मारताना कुणी कुणाची जात विचारली नाही.

खाला कडेला उभी होती, रोजच्यासारखी. मग तिला काय झालं कुणास ठाऊक. ती एकेका घराकडे वर बघत विचारायला लागली, "खटका कुणी पाडला? सांगा गं, कुणी पाडला?" खिडक्यांतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीच पाडला नव्हता. खालाने खाली पडलेल्या माणसाकडे बघितलं. त्याच्या एका हातात रबरी हातमोजा होता आणि त्याच हाताने तो डोकं झाकत होता.

"बस करा," ती म्हणाली. "लाईनवाला हाय तो. बस."

कुणी थांबलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग ती त्या माणसांच्या मधून घुसली आणि त्याच्या अंगावर पालथी पडली. हिरामणचा उगारलेला दांडा तिच्या डाव्या कानावर बसला. फाटका कान पुन्हा फुटला. खाला किंचाळली. मी उभ्या जन्मात असा आवाज ऐकला नाही. गल्लीत सुई पडली तरी ऐकू आली असती इतकी शांतता होती, आणि तिच्या अंगावरून हात घालून, तिच्या बाजूने, फटी शोधून लोक त्या नवशाला मारत राहिले. मुबश्शिरने आईला काखेत हात घालून ओढून काढली. "अम्मी, तू वर जा," तो म्हणाला आणि पुन्हा आत गेला.

नवशाचा आवाज बंद झाला तेव्हा हात थांबले. मग सगळे एकदम घाईत असल्यासारखे आपापल्या दारात शिरले. मी आणि एका रिक्षावाल्याने त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझ्या पँटवरचं पीठ त्याच्या रक्तात भिजून घट्ट झालं.

संध्याकाळी पोलीस आले. साहेब घरोघर विचारत फिरले. तोवर फेज जोडला गेला होता आणि गल्ली पुन्हा खडखडत होती. "लूम चालू होते साहेब, काही ऐकू आलं न्हाय," हिरामण म्हणाला. त्याच्या शेजारचा तेच म्हणाला. कारीगर तेच म्हणाले. ज्या फेजपायी नवशाने मार खाल्ला तो फेज गेलेला असताना लूम चालू कसे, हे साहेबांनी विचारलं नाही. मुबश्शिर म्हणाला, अम्मीला बरं नाही, ती झोपलीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला माझ्या गिरणीत आली. कानाला पट्टी, हातात एक कापडी पिशवी. तिने ती पिशवी गिरणीच्या फळीवर ठेवली. आत डबा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, भाकरी वाळून कडक झालेली.

"माझ्या खिडकीच्या जाळीला टांगलेली होती," ती म्हणाली. "आता सांग भाऊ, चोर घरात शिरायच्या आधी आपलं जेवन त्याच खिडकीला टांगतो का रे?"

मी फळीवरचं पीठ हाताने एका बाजूला केलं.

"हाशिम म्हनायचा, लूम चालू होते. मी बी तेच धरून बसले. लोकांना ऐकू आलं न्हाय, आलं असतं तर धावले असते. तेवढ्यावर इतकी वर्षं या गल्लीत मी सुखाने झोपले." ती माझ्याकडे बघत होती. "काल लूम बंद होते. तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"हिरामणने?"

"ऐकलं, खाला."

"आणि माझ्या मुबश्शिरने?"

मी पिठाकडे बघत राहिलो. तिने डबा बंद केला, पिशवीत ठेवला आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी बातमी आली की नवशा गेला. आता प्रकरण खुनाचं झालं. साहेब पुन्हा आले, या वेळी हिरामणच्या शेडसमोर खुर्ची टाकून बसले. हिरामणने सरबत मागवलं. एकेक जण येऊन तेच सांगत होता, लूम चालू होते. माझी पाळी यायची होती. मुबश्शिर आपल्या जिन्याच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा होता, आई खाली येऊ नये म्हणून.

आणि अचानक खालाच्या शेडमधले लूम थांबले. मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. समोरच्या घरातल्या बाईने सवयीने आपला खटका पाडला, मग पलीकडचीने. एकेक करत अख्खी गल्ली गप्प झाली. दारं उघडली. माणसं दांडे हातात घेऊन बाहेर आली, आणि साहेबांना बघून दांडे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

खाला जिन्यावर दिसली. पट्टीतून रक्त पाझरलेलं, हातात ती पिशवी.

"अम्मी, वर जा," मुबश्शिर म्हणाला. मग हळू आवाजात, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं, "फाशी होईल मला."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. लहानपणी शाळेत पाठवताना फिरवायची तसा. मग त्याला बाजूला करून ती साहेबांपुढे आली आणि पिशवी त्यांच्या खुर्चीजवळ ठेवली.

"लूम बंद होते, साहेब," ती म्हणाली. "तो काय ओरडत होता ते सगळ्यांनी ऐकलं. आता बी सगळ्यांना ऐकू येतंय, म्हणून आता सांगते."

साहेबांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "मारलं कुणी ते पाहिलंत?"

"पहिला हात माझा. शकिला हाशिम. लिहा."

हवालदार लिहायला लागला. गल्लीतून कुणीतरी "खाला" अशी हाक मारली, दटावल्यासारखी. तिने तिकडे बघितलं नाही.

"दुसरा?" साहेबांनी विचारलं.

तिने मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मुबश्शिर जिन्याच्या पायरीवर खाली बसला. त्याची आई मात्र बसली नाही. ती वळली, दारादारांत उभ्या असलेल्या माणसांकडे तिने एकदा नीट बघितलं, पकडलेल्या चोराकडे बघायची तसं, आणि बोट उचलून म्हणाली, "तिसरा हिरामण."